बिनपगारी खुर्चीसाठी उमेदवारी

भिलाईला निवडणुकांचे अप्रूप नाही. पोलाद कारखान्यातील कामगार संघटना, पतसंस्था, सेक्टरातील गणेशोत्सव समिती, पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या मराठी कुटुंबांचे मंडळ. कुठे ना कुठे कुणी ना कुणी उभे असतेच. पण अशाच एखाद्या घरातली इंजिनीअर मुलगी जेवताना सांगू लागली की, एका परदेशी सॉफ्टवेअर संस्थेच्या संचालक मंडळासाठी अर्ज भरायचा आहे, तर वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘पगार किती?’’ पगार नाही म्हटल्यावर दुसरा, ‘‘मग ही उठाठेव कशाला?’’

हा प्रश्न वाटतो तितका अडाणीपणाचा नाही. त्याचे उत्तर मात्र बहुतेक मुलांना नीट देता येत नाही.

ज्या प्रोग्रामची मूळ लिखावट कुणालाही वाचता येते, बदलता येते आणि पुढे वाटता येते, त्याला ओपन सोर्स म्हणतात. बँकेचे संगणक, मोबाइल फोन, रेल्वेचे आरक्षण, असा एकही कोपरा उरलेला नाही जिथे असे प्रोग्राम चालत नाहीत. ते लिहिणारे हजारो लोक जगभर विखुरलेले असतात. पण नावाची मालकी कुणाकडे, देणग्या कोणत्या खात्यात जमा करायच्या, वार्षिक संमेलनाच्या सभागृहाचे भाडे कोणी भरायचे, कोर्टाची नोटीस आली तर सही कोणी करायची? त्यासाठी नफा न कमावणारी नोंदणीकृत संस्था लागते आणि संस्था म्हटली की संचालक मंडळ आलेच. पायथन या संगणकीय भाषेची पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन २००१ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. केडीई या प्रकल्पाची संस्था १९९७ पासून जर्मनीत नोंदलेली आहे. भारतातही २००१ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडिया उभी राहिली आणि मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील प्राध्यापक नागार्जुन यांनी तिचे अध्यक्षपद सांभाळले.

पोलादी गावाचा मुलगा

भिलाई आणि दुर्गापूर ही एकाच काळातली भावंडे. भिलाईचा कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला, दुर्गापूरचा ब्रिटिश मदतीने. दोन्हीकडे तेच सेक्टर, तीच क्वार्टर्स, तोच भोंगा आणि मुलाने इंजिनीअर व्हावे हीच आईबापांची इच्छा. त्या दुर्गापूरच्या कुशल दास यांनी गावातल्या लिनक्स वापरणाऱ्यांचा एक गट जमवला. २००८ पासून हा गट उन्हाळ्यात इंटरनेटवर मोफत शिकवणी घेऊ लागला. चित्र नाही, आवाज नाही, फक्त टाइप केलेले शब्द. त्यामुळे गावातली रखडत चालणारी लाइनसुद्धा पुरायची. मोठ्या शहराच्या महागड्या क्लासला जाणे ज्यांना शक्य नव्हते, अशी कितीतरी मुले तिथे शिकली.

कुशल दास पुढे पुण्यात नोकरी करत होते. पायथन भाषेच्या मुख्य विकासकांत त्यांची गणना झाली आणि गेल्या दशकात ते पायथन फाउंडेशनच्या संचालक मंडळावर निवडून गेले. याच मंडळावर २०१६ मध्ये बंगळूरच्या अन्नपूर्णिमा कोप्पड यांनाही जागा मिळाली. कुशल दास यांच्या बाबतीत लक्षात घेण्याजोगा आहे तो क्रम. आधी काही वर्षे इतरांना शिकवणे, दुरुस्त्या पाठवणे, भेटीगाठी भरवणे आणि मग उमेदवारी. आपल्याकडे पुष्कळदा हा क्रम उलटा असतो. आधी पद, मग काम, तेही सवड मिळाली तर!

छत्तीसगढचेही एक उदाहरण आहे, फक्त ते पदाचे नाही. रवी रतलामी या नावाने ओळखले गेलेले रविशंकर श्रीवास्तव यांनी वर्षानुवर्षे खपून लिनक्सवरील प्रोग्राम हिंदीत आणले आणि पुढे केडीई छत्तीसगढीतही आणले. ज्या बोलीला शाळेच्या पाटीवरही सहज जागा मिळत नव्हती, ती संगणकाच्या पडद्यावर आली. त्याच केडीईच्या पाच जणांच्या मंडळावर २०११ मध्ये भारतातील प्रदीप्तो भट्टाचार्य निवडून आले होते. या संस्थेचे सभासद होण्यासाठी जुन्या सभासदांनी शिफारस करावी लागते. म्हणजे पैसे भरून रातोरात सभासदांची फौज उभी करायची सोय नाही. आपल्या किती मंडळांना हा नियम परवडेल?

मंडळाला काय ठरवावे लागते

पद मानाचे आहे, पण त्या मानाबरोबर डोकेदुखी येते. ऑक्टोबर २०२५ मधली गोष्ट. पायथनचे तयार भाग जिथून जगभर उतरवून घेतले जातात, त्या भांडाराची सुरक्षा वाढवण्यासाठी फाउंडेशनला अमेरिकी सरकारच्या विज्ञान प्रतिष्ठानकडून १५ लाख डॉलरचे अनुदान मिळण्याच्या बेतात होते. संस्थेचे वर्षाचे अंदाजपत्रकच सुमारे ५० लाख डॉलरचे, कर्मचारी अवघे १४. एवढी रक्कम आजवर एकदम कधी मिळाली नव्हती. पण अटींमध्ये लिहिले होते की, संस्थेने विविधता आणि समावेशाला चालना देणारे कार्यक्रम चालवता कामा नयेत. अट फक्त त्या अनुदानापुरती नव्हती, संस्थेच्या साऱ्या कामाला लागू होती आणि ती मोडली तर खर्च झालेले पैसेही परत मागता येणार होते. मंडळाने एकमताने अर्ज मागे घेतला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पैशाच्या ओढीमुळे या संस्थेला स्थानिक मेळावे आणि कार्यशाळांसाठीचे साहाय्य थांबवावे लागले होते. लहान गावातल्या महाविद्यालयात दोन दिवसांची कार्यशाळा भरवायची तर सभागृह, चहा-नाश्ता, पाहुण्याचे रेल्वेभाडे, सगळा मिळून खर्च तो किती! पण तो कुठून तरी यावा लागतो. साहाय्य कोणाला आणि केव्हा द्यायचे हे ठरवणाऱ्या खोलीत लहान गावातून आलेले कुणीच नसेल, तर त्या गावाची अडचण तिथे सांगणार कोण? वडिलांच्या ‘‘कशाला?’’ या प्रश्नाला यापेक्षा चांगले उत्तर नाही.

बारीक अक्षरांतले नियम

हौसेने अर्ज भरणाऱ्याने आधी संस्थेची घटना वाचावी. पायथन फाउंडेशनमध्ये मतदार होण्याचा एक मार्ग वर्गणीचा आहे, दुसरा श्रमाचा. पायथनसाठी महिन्याला किमान ५ तास विनामूल्य काम करणाऱ्याला मताचा हक्क मिळतो. त्यात नुसते प्रोग्राम लिहिणेच मोजले जाते असे नाही, मेळावे भरवणेही त्यात येते. मतपत्रिकेवर जितके उमेदवार योग्य वाटतील तितक्यांवर खूण करता येते. तीन वर्षांची मुदत, मानधन शून्य आणि बैठका अशा वेळी की, अमेरिकेत दिवस असतो तेव्हा भिलाईत घरचे झोपलेले असतात.

घड्याळाने तर एका उमेदवारीचा बळीच घेतला. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या १९९८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या २०२५ च्या निवडणुकीत अमेरिकेतील एका इच्छुकाने शेवटच्या दिवशी आपल्याकडच्या रात्री अर्ज पाठवला. संस्थेने जागतिक प्रमाणवेळ धरली आणि अर्ज उशिरा आला म्हणून नाकारला. भारतातल्या उमेदवाराने असे घड्याळ उलट्या बाजूने मोजावे. तिथली मध्यरात्र म्हणजे इथली पहाटेची साडेपाच.

त्याच निवडणुकीत आणखी एक वाद झाला. मतदान आटोपल्यावर उमेदवारांना संचालकपदाच्या करारावर सही करायला सांगितले गेले. दोघांनी तो करार दिलेल्या स्वरूपात मान्य केला नाही, तेव्हा त्यांना निकालातून वगळले गेले. नियमाप्रमाणे तिथे सभासदांचे मत हा सल्ला असतो, नेमणूक मंडळ करते. कागदावर संस्थेचे बरोबर असेलही. पण लोकांकडून मते घ्यायची आणि नंतर अटी पुढे करायच्या, ही रीत कुणाच्याही गळी उतरणे कठीणच. करार अर्जाबरोबरच हाती पडला असता तर हा तमाशा टळला असता.

नोकरदाराने आणखी एक खबरदारी घ्यावी. सार्वजनिक उपक्रमात असो वा खासगी कंपनीत, बाहेरचे पद घेण्यापूर्वी सेवानियम पाहावेत आणि लेखी परवानगी घ्यावी. साहेबांनी तोंडी ‘हो’ म्हटलेले साहेबांच्या बदलीबरोबर जाते. कंपनीचा आणि संस्थेचा हितसंबंध जिथे आडवा येईल, तिथे मतदानातून बाजूला होण्याची तयारीही हवी.

हरणाऱ्यांचे काय

डेबियन हा लिनक्सच्या सर्वांत जुन्या प्रकल्पांपैकी एक. त्याचा पैसा न्यूयॉर्कमध्ये नोंदलेली सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट ही संस्था सांभाळते आणि प्रकल्पाचा नेता सभासद दरवर्षी निवडतात. मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात आणि ‘यापैकी कुणीही नाही’ हाही एक पर्याय असतो. आपल्या मतयंत्रावर ‘नोटा’ २०१३ मध्ये आला, पण त्याने निकाल बदलत नाही. डेबियनमध्ये जो उमेदवार या पर्यायाला मागे टाकू शकत नाही, तो निवडूनच येऊ शकत नाही.

केरळच्या श्रुती चंद्रन या निवडणुकीला २०२० मध्ये उभ्या राहिल्या. प्रकल्पात स्त्रिया आणि इतर मागे पडलेले गट इतके कमी का, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. जोनाथन कार्टर निवडून आले. २०२१ मध्ये त्या पुन्हा उभ्या राहिल्या, पुन्हा कार्टर आले. २०२४ मध्ये आणि २०२५ मध्ये आंद्रेआस टिले जिंकले. दरवेळी मात्र उमेदवाराला आपली भूमिका लिहून द्यावी लागते, सभासद प्रश्न विचारतात आणि प्रतिस्पर्ध्यालाही त्याच प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. स्त्रियांच्या कमी संख्येचा प्रश्न त्यामुळे निवडणुकीच्या चर्चेतून वगळणे कुणाला जमले नाही. मधल्या काळात, सप्टेंबर २०२३ मध्ये, डेबियनचे जागतिक संमेलन पहिल्यांदाच भारतात, कोचीत भरले आणि ते भरवण्यासाठी राबणाऱ्यांत श्रुती चंद्रन होत्या.