गादी, छपरी आणि चोविसावा मजला

मधे भाच्याचा साखरपुडा होता मुंबईला, त्यात पंधरा दिवस गेले. साखरपुड्याचं वर्णन ताई फोनवर सगळ्यांना सांगतेच आहे, त्यामुळे ते मी लिहिणार नाही. लिहायचंय ते हॉटेलबद्दल.

झालं असं, की भाच्याच्या फ्लॅटवर त्याच्या बाबांकडची मंडळी उतरलेली. पाय ठेवायला जागा नाही. तो कामानिमित्त सदा फिरतीवर असतो, त्याच्याकडे हॉटेलचे पॉइंट साचलेले. म्हणाला, "मामा, तू आणि आजी हॉटेलमध्ये राहा. दोन रात्री. क्लब रूम घेतलीय, लाउंज आहे त्यात." मी म्हटलं, लाउंज म्हणजे? "कळेल तुला," म्हणाला आणि फोन ठेवला.

आम्ही आमगावहून गोंदियाला आलो, तिथून दुपारची विदर्भ एक्स्प्रेस धरली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई. सात-साडेसातला हॉटेलात हजर! खोली मिळणार तीनला. एरवी अशा वेळी माणूस सामानावर बसून राहतो. आमगावच्या माणसाला ते काही नवीन नाही, गोंदियाच्या फलाटावर आम्ही याहून जास्त बसलोय. पण काउंटरवरच्या मुलीनं संगणकात पाहिलं आणि तिचा सूरच बदलला. "सर, आपण वर लाउंजमध्ये बसा, तिथेच चेक-इन करू." लिफ्टमध्ये कार्ड लावल्याशिवाय चोविसाव्या मजल्याचं बटणच लागत नाही. तिनं लावलं. दार उघडलं तर समोर सगळा समुद्र.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो (मलाही नव्हतं). मोठ्या हॉटेलांत वरचे एक-दोन मजले 'क्लब'चे असतात. खोली जवळपास तीच, भाडं मात्र जास्त. साडेसात हजारांच्या वरची खोली असली की त्यावर १८ टक्के जीएसटी, तो वेगळा. त्या जास्तीच्या पैशात एक बैठकीची खोली मिळते, फक्त त्या मजल्यांवरच्या लोकांसाठी. सकाळी नाश्ता, दिवसभर चहा-कॉफी, संध्याकाळी सहा ते आठ खाणं आणि ज्यांना लागतं त्यांना पिणं. वेगळं बिल नाही. हॉटेलला हे परवडतं, कारण तिथे उतरणाऱ्या बऱ्याच जणांचं बिल कंपनी भरते आणि त्यांना सगळं एकाच आकड्यात हवं असतं. शिवाय माणूस खाऊन खाऊन खाणार किती?

हा प्रश्न विचारणाऱ्यांनी मला पाहिलेलं नाही :) पहिल्या दिवशी मी चारदा खाल्लं. भूक होती म्हणून नाही, पैसे भरलेत म्हणून. तेही माझे नव्हते!

पण आईचं सांगतो. आई अठ्ठ्याहत्तरची. सगळा जन्म आमगावात गेला. आमच्या घराला पुढे छपरी आहे, आणि बाबा असेपर्यंत ती कधी रिकामी नसायची. सालेकशाकडून बाजाराला आलेला, कचेरीत कागद काढायला आलेला, गाडी चुकलेला, असे सगळे तिथे बसायचे. चहा आतून यायचा. तो करणारी बाई मात्र छपरीत बसायची नाही. दाराआडून कप पुढे करायची, आणि कप परत आले की मोजून घ्यायची. तर त्या लाउंजमध्ये एक मुलगी वाकून आईला विचारते, "आजी, तुम्ही काय घेणार?" आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सांग ना. आई म्हणाली, "बिनसाखरेचा." दुपारी आम्ही परत गेलो तर न विचारता बिनसाखरेचा आला. आई काही बोलली नाही. पण पदर सावरून, पाय वर घेऊन, खुर्चीत अशी बसली की मी तिला तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. म्हणून सांगतो, लाउंज म्हणजे नुसती श्रीमंतांची थेरं, असं मला म्हणता येणार नाही. त्या मुलीनं आमगाव कुठे आलं असंही विचारलं. मी भवभूतीपासून सुरुवात केली. त्याचं पद्मपूर म्हणजे आमच्याजवळचंच पदमपूर असं मिराशींनी मांडलंय वगैरे. आईनं मला गप्प केलं. असो.

आता संध्याकाळकडे येतो. लिहायला जरा जड जातंय.

आमच्या मागच्या गल्लीतला एक मुलगा मुंबईत एका इमारतीवर वॉचमन आहे. त्याच्या आईनं आमच्याबरोबर पिशवी दिली होती. पाच किलो चिन्नोर तांदूळ आणि लाखोळीची डाळ. त्याची ड्यूटी रात्री नऊला, म्हणून तो आधी पिशवी न्यायला येणार होता. साडेसहाला फोन आला, "भाऊ, खाली आलोय." आम्ही नुकतेच लाउंजमध्ये बसलो होतो. बशीत तळलेलं काहीतरी गरम होतं. मी काउंटरवर विचारलं, एक पाहुणा आलाय, पाच मिनिटं वर बोलावू का? ती फार नम्रपणे म्हणाली, की खोलीमागे दोन जणच, तिसऱ्याला अडीच हजार, वर टॅक्स. आणि कपड्यांचाही थोडा नियम आहे. तो कोणत्या कपड्यांत आला असेल हे तिनं न पाहताच सांगितलं आणि मीही न पाहताच समजलो.

मी फोनवर म्हटलं, "थोडा बस, येतोच." आणि बशी संपवली. मग दुसरी घेतली, कारण आठला बंद होणार होतं. मग आईच्या चहाची वाट पाहिली. मग खोलीत जाऊन पिशवी काढली. खाली पोचलो तेव्हा सात वाजले होते. अर्धा तास. तो सोफ्यावर नव्हता, दाराबाहेर गाड्या लागतात तिथे उभा होता. म्हणे आत गार फार होतं. खरं कारण मी विचारलं नाही.

हे कोणी माझ्याबद्दल सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. आमच्या छपरीत आलेल्या माणसाला मी अर्धा तास ताटकळत ठेवलं असतं, तर बाबांनी मला घरात घेतलं नसतं. मग त्या चोविसाव्या मजल्यावर मला काय झालं होतं?

त्यावर मी बराच विचार केला, परतीच्या गाडीत वेळच वेळ होता. बाबा राइस मिलमध्ये दिवाणजी होते. मिलमध्ये गादी असायची. पांढरी चादर, लोड, समोर छोटं डेस्क. व्यापारी, अधिकारी आले की गादीवर. त्यांना चहा कपबशीत. धान घेऊन बंडीवर आलेला शेतकरी बाहेर ओट्यावर किंवा पोत्यांवर. त्याला चहा काचेच्या ग्लासात, तोही मिळाला तर. माल त्याचा, पण गादी त्याची नाही. बाबा गादीच्या काठावर बसून वही लिहायचे, म्हणजे आतही आणि बाहेरही. घरी आल्यावर मात्र छपरीत कपबशी सगळ्यांना सारखी. पाणी कमी असलं तरी कप घासून पुन्हा तेच. लहानपणी मला ती बाबांची सवय वाटायची. आता वाटतं, ते दिवसभराचं काहीतरी धुऊन काढत होते.

म्हणजे लाउंज काही परदेशातून आलेलं नाही. गादी होतीच. स्टेशनावर वरच्या वर्गाची वेटिंग रूमही होती. मुंबईत तर ही हौस फार जुनी. काळ्या घोड्याजवळ वॉटसन हॉटेल होतं, १८९६ साली ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं देशात पहिल्यांदा तिथे दाखवली गेली. ते गोऱ्यांसाठी होतं. जमशेटजी टाटांना तिथे दार दाखवलं आणि त्या रागातून त्यांनी ताज बांधलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. ती खरी की रचलेली यावर जाणकारांत वाद आहे. ताज १९०३ च्या डिसेंबरात सुरू झालं हे मात्र नक्की. आणि गंमत पाहा, एका बंद दाराला उत्तर म्हणून उभं राहिलं असं ज्याच्याबद्दल आपण अभिमानानं सांगतो, त्याच ताजमध्ये पुढे 'द चेंबर्स' नावाचा फक्त सभासदांसाठीचा क्लब आला. दार उघडून घेतलं की आपण त्याच्या आत आणखी एक दार बसवतो.

विमानतळावरचं तर बघा. बँकेचं कार्ड दाखवलं, दोन रुपये कापले गेले की लाउंजमध्ये प्रवेश. मग सगळेच जाऊ लागले, दारात रांगा लागल्या, आणि २०२४ च्या सुमारास बऱ्याच बँकांनी अट घातली, की आधीच्या तिमाहीत एवढा खर्च केला असेल तरच. इडली तीच होती. पण दारात सगळेच आले की लाउंज उरत नाही, उपाहारगृह होतं.

माझं मत एवढंच, की तिथे खाणं विकत मिळत नाही, खुर्चीही नाही. तिथे विकत मिळतं ते दार. आणि त्याचा परिणाम बाहेरच्यावर होतो त्याहून आतल्यावर जास्त होतो. आतला माणूस घड्याळ बघायला लागतो. पाहुणचाराची साधी परीक्षा आमच्याकडे अशी आहे, की ज्या घरात तुम्ही पाहुणे आहात तिथे तुमच्या ओळखीचा कोणी आला तर त्यालाही पाटावर बसवतात. ज्या जागेत मला माझा माणूस बोलावता येत नाही, तिथे मला कितीही 'सर' म्हणोत, मी पाहुणा नाही. गिऱ्हाईक आहे.

कोणी म्हणेल, हॉटेल म्हणजे धर्मशाळा नव्हे. मान्य. मोफत खाणं कोणालाही द्या असं मी म्हणतच नाही. पण एवढं भाडं घेता, तर खोलीमागे दिवसाला एका येणाऱ्याला एक कप चहा, लॉबीत का होईना, तुमच्यातर्फे द्यायला काय जातं? अडीच हजाराचा आकडा सांगण्याऐवजी ती मुलगी "मी खाली चहा पाठवते" म्हणाली असती, तर ते हॉटेल मी आयुष्यभर लक्षात ठेवलं असतं. तिची चूक नाही, तिला तसं शिकवलेलं नाही. आणि खाली जाऊन स्वतःच्या पैशानं त्याला चहा पाजणं मलाही सुचलं नाही, हेही लिहून ठेवतो.

सुचलं ते आईला. मी पिशवी घेऊन निघालो तशी ती माझ्यामागे आली होती. लिफ्टमध्ये विचारलं, "त्याले वर काहून नाई बोलावलं?" मी नियम सांगितला. ती म्हणाली, "मंग आपणच खाली जाऊन बसाचं होतं ना बाबू." एवढंच. मग दारात तिनं आपल्या पर्समधून कागदी रुमालाची पुरचुंडी काढून त्याच्या हातात दिली. लाउंजमधली चार बिस्किटं आणि थोडे काजू. तिथलं बाहेर नेऊ नये अशी पाटी होती, ती आईनं वाचली होती की नाही कोण जाणे. तो म्हणाला, "काकू, राहू द्या." मग घेतली. पिशवीचं तोंड सोडून त्यानं आधी तांदळाचा वास घेतला, घरी फोन लावला आणि आईच्या हातात दिला. त्या दोघी दहा मिनिटं बोलल्या. आम्ही दोघं गाड्यांकडे बघत उभे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साखरपुड्याहून आलो. मी म्हटलं, चल, सहा वाजलेत. आई म्हणाली, "तू जा, मी इथंच बसते." आणि खाली लॉबीत बसली. येणाऱ्याजाणाऱ्यांना बघत, पाय खाली सोडून. मी वर गेलो. हो, गेलो. त्या मुलीनं मला एकट्याला पाहिलं आणि तिच्या हातात बिनसाखरेचा चहा तयार होता.

"आजी नाही आल्या?"

मी म्हटलं, त्यांचे पाय दुखताहेत.