संशोधनाचं वतन कुणाच्या नावावर?



गटार साफ करायचं काम निघालं की महापालिका निविदा काढते. सगळ्यात कमी बोली लावील त्याला काम. ठेकेदाराची बोली कमी होते कशी? उतरणाऱ्याची मजुरी कापून, त्याचे बूट कापून, त्याचा विमा कापून. पण त्याच उतरणाऱ्याची 'सामाजिक-आर्थिक स्थिती' तपासायची ठरली की निविदेचं नाव निघत नाही. फायलीत दुसरेच शब्द उगवतात. नामांकित संस्था. प्रदीर्घ अनुभव. वेळेची निकड. सचिवाची सही होते आणि काम पोचतं जिथं पोचायचं तिथं.

आमच्या घामाला बोली आणि आमच्यावरच्या विद्वत्तेला मात्र थेट नेमणूक. हा काय न्याय झाला?

कायद्यात याला जागा आहे, हे आधी कबूल करतो. केंद्र सरकारच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांतला १९४ क्रमांकाचा नियम वाचा. विशेष परिस्थितीत एकाच सल्लागाराला स्पर्धेशिवाय नेमता येतं. पण का नेमलं त्याचं संपूर्ण कारण फायलीवर लिहायचं आणि सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घ्यायची, असं तोच नियम सांगतो. हा केंद्राचा नियम. आपल्या राज्याने १ डिसेंबर २०१६ला खरेदीची नियमपुस्तिका काढली, तेव्हा तीन लाखांपुढच्या खरेदीला ई-निविदा ठरवली. सुप्रीम कोर्टाने २००६मध्ये मेरठ महापालिकेच्या खटल्यात सांगितलं की सरकारी ठेका जाहीर निविदेनेच द्यायचा, थेट देणं हा अपवाद. आधार कुठला? घटनेचं कलम १४. समानतेचं कलम. म्हणजे निविदा ही कारकुनी भानगड नाही, ती समतेची गोष्ट आहे. अपवादाला एक खिडकी ठेवली होती. खिडकीतून सगळी वरात जायला लागली तर दरवाजा कशाला ठेवलाय?

आपल्या बापजाद्यांना वतन म्हणजे काय ते शिकवायला नको. १८७४च्या वतन कायद्याने महाराला गावाचा फुकटचा नोकर करून ठेवलं. १९२८ला बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात त्या कायद्याविरुद्ध बिल आणलं. ते वतन जायला १९५८चा कायदा यावा लागला. ते गुलामीचं वतन होतं. दुसरं एक वतन होतं कुलकर्ण्याचं. दप्तर त्याच्या घरात, लेखणी त्याच्या कानावर, आणि गावात कुणाची जमीन किती हे तो सांगेल तेच खरं. ते १९५०च्या कायद्याने गेलं म्हणतात. मला शंका आहे. दप्तर एका वाड्यातून दुसऱ्या इमारतीत गेलं, एवढंच झालंय. अर्ज नाही, स्पर्धा नाही, पुन्हा पुन्हा त्याच दारी काम आणि हिशेब विचारायची सोय नाही, याला वतन नाही तर काय म्हणायचं?

कुणी म्हणेल, अभ्यासच तर आहे, कागदच तर आहेत. नाही भाऊ. या राज्यात कागदावर माणसं मागास ठरतात आणि कागदावरच पुढारतात. २०१८ला गायकवाड आयोगाने मराठा समाजाच्या सर्वेक्षणाचं काम पाच संस्थांकडे दिलं. त्यांत पुण्याची गोखले संस्था होती आणि संघाच्या वर्तुळातली म्हणून ओळखली जाणारी रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीही होती. ४३ हजारांवर कुटुंबं तपासली. त्यावर कायदा झाला. ५ मे २०२१ला सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. आयोगाचेच आकडे वाचून कोर्टाने आयोगाच्या उलट निष्कर्ष काढला! आकडे एक, निष्कर्ष दोन. मग २०२४ साल. २३ जानेवारी ते २ फेब्रुवारी, अकरा दिवसांत दीड कोटीहून अधिक घरं. शासनाने त्यासाठी सुमारे ३६७ कोटींची तरतूद केली. घरोघर फिरले सरकारी कर्मचारी. सॉफ्टवेअर आणि विश्लेषणाला पुन्हा गोखले संस्था. १६ फेब्रुवारीला अहवाल, २० फेब्रुवारीला विधेयक मंजूर.

गरीब मराठ्याशी माझं भांडण नाही. त्याच्या पोराची फी थकते तशी माझ्याही भावाची थकते. गोखले संस्थेची विद्वत्ताही मी नाकारत नाही. १९३०पासूनची संस्था आहे, धनंजयराव गाडगीळांनी ती उभी केली. तेच गाडगीळ १९६९ला भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे पहिले अध्यक्ष झाले. ती परिषद जाहिरात देऊन प्रस्ताव मागवते, तज्ज्ञांकडून तपासून घेते. म्हणजे उघडा रस्ता या विद्वानांना ठाऊक नाही असं नाही. सरकारला तो रस्ता नको असतो. का? उघड्या रस्त्यावर प्रश्न विचारणारे भेटतात.

आणि पैसे देणारा एकच, नेमणारा एकच, म्हणून अहवालाचा मालकही तोच होतो. धनगर समाजाचा अभ्यास शासनाने मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेवर सोपवला. २०१८ला अहवाल शासनाकडे गेला. त्यानंतर वर्षानुवर्षे तो लोकांसमोर ठेवला गेला नाही. पैसा जनतेचा, विषय जनतेचा, माहिती जनतेने दिली, आणि कुलूप मंत्रालयाचं.

मी स्वतः असल्या एका अभ्यासात फॉर्म भरलेत. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण दुखणं एका संस्थेचं नाही. ताडीवाला रोड, कासेवाडी, लोहियानगर. फॉर्मामागे पैसे. बाया चूल सोडून माझ्याशी बोलल्या, कारण मी त्यांच्यातला. 'कर्ज किती' विचारताना माझीच मान खाली जायची. एका म्हातारीने विचारलं, "लिवून काय व्हनार रं बाळा?" अहवाल छापून आला. गुळगुळीत कागद, वर मुख्य संशोधकाचं नाव, आत आभारांच्या पानावर 'क्षेत्रीय कर्मचारी' एवढे दोन शब्द. म्हातारीच्या गल्लीत त्याची एक प्रत गेली नाही. आमची पोरं एम.ए. झाली, पीएच.डी. झाली, तरी या धंद्यात आमची जागा दारोदार फिरायची. प्रस्ताव लिहायचा मान दुसऱ्यांचा. कारण प्रस्ताव मागवलाच जात नाही!

आता आपल्या घरातलंही बोलू. क्वीन्स गार्डनला बाबासाहेबांच्या नावाची बार्टी आहे. नावात संशोधन आहे, प्रशिक्षण आहे. ऑक्टोबर २०२१मध्ये शासनाने स्पर्धापरीक्षेच्या प्रशिक्षणासाठी ३० संस्थांना पाच वर्षांची मान्यता दिली. पुढे शासनानेच निविदेचा घाट घातला, संस्था कोर्टात गेल्या. मधल्या मध्ये वर्ग बंद, आणि बँकेच्या, पोलीस भरतीच्या तयारीला लागलेली पोरं वाऱ्यावर. पहिल्या दिवशी दार उघडं ठेवलं असतं तर ही पाळी आली असती का? ठेका घेणारा निळी टोपी घालतो म्हणून त्याला प्रश्न विचारायचा नाही, ही भाषा आपल्याला चालणार नाही.

एक आक्षेप येणार. "मग काय, संशोधनही सगळ्यात स्वस्त बोलीवाल्याला द्यायचं?" मुळीच नाही. गटाराच्या कामालाही ती पद्धत माणसं मारते. गुणवत्ता आणि किंमत दोन्ही जोखून निवड करायची रीत त्याच वित्तीय नियमांत आहे. आणि थेट काम देणं कधीच बरोबर नसतं, असंही मी म्हणत नाही. २००८ला पुणे महापालिकेने कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेशी थेट करार केला. तीन हजारांहून अधिक कष्टकरी, बहुतेक दलित बाया. कारण उघड होतं. ते काम त्या आधीपासून करत होत्या आणि करार सगळ्यांनी पाहिला होता. पण गंमत बघा. २०२०च्या शेवटी त्या कराराची मुदत संपली, तेव्हा बायांना छोट्या-छोट्या मुदतवाढीवर झुलवलं आणि खासगी ठेकेदाराची भाषा सुरू झाली. बायांच्या वेळी स्पर्धा आठवते, प्राध्यापकांच्या वेळी विसरते!

हे सगळं आज का लिहितोय? १ ऑगस्ट २०२४ला सुप्रीम कोर्टाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला परवानगी दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरात राज्याने न्या. अनंत बदर यांची समिती नेमली. आता मोजमाप आपलंच आहे. महार किती पुढे, मांग किती मागे, चांभार कुठं, ढोर कुठं. उपवर्गीकरणाच्या बाजूचे असा की विरोधातले, ते भांडण आपण आपल्यात करू. पण ज्या आकड्यांवर ते भांडण होणार ते कोण गोळा करणार, कुणी नेमलं, काय विचारायचं कुणी ठरवलं, हे आपल्याला आधी कळलं पाहिजे. आकडे बंद खोलीत शिजले तर महार आणि मांग एकमेकांची डोकी फोडतील आणि खोलीची किल्ली तिसऱ्याच्याच कनवटीला राहील.

म्हणून मागण्या साध्या आहेत. आमच्यावरचा प्रत्येक सरकारी अभ्यास जाहीर प्रस्ताव मागवून द्या. थेट द्यायचा असेल तर कारण काम सुरू होण्याआधी छापा. प्रश्नावली आधी उघडी करा. अहवाल हातात आल्यापासून ठरल्या मुदतीत बाहेर काढा. आणि निवड समितीत ज्यांचा अभ्यास आहे त्यांच्यातले अभ्यासक बसवा.

मागणीपत्रावर थांबू नका. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. प्रत्येक शाखेने एकेक अभ्यास वाटून घ्या. अर्जात चारच गोष्टी मागा: नेमणुकीची टिपणी, करारनामा, पैसे दिल्याचा तपशील, अहवालाची प्रत. 'व्यापारी गुपित' म्हणून नाकारलं तर अपील करा. आमची गरिबी हे कुणाचं व्यापारी गुपित होऊ शकत नाही. उत्तरं आली की याच पानांवर छापायला पाठवा.

जय भीम.