बॅण्डच्या शनिवारी गैरहजेरी लावावी का?



मागच्या पालक सभेत असे ठरले, की वर्षात तीनपेक्षा जास्त शनिवार चुकवणाऱ्या मुलाला वार्षिक नाटकात काम मिळणार नाही. हात वर करणाऱ्यांत आम्ही दोघेही होतो. घरी पोहोचून गाडीतून उतरताना लक्षात आले, की आमच्या थोरलीचे तीन शनिवार शाळेच्या बॅण्डमुळे आधीच गेले आहेत. (स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणे म्हणजे काय, हे वाक्प्रचाराच्या तासाला आमचे उदाहरण देऊन सांगायला हरकत नाही.)

नियमच नको असे आम्ही म्हणत नाही. आपल्या शिक्षिका आठवडाभर नोकरी करून शुक्रवारी रात्री धडे तयार करतात. सकाळी वर्गात पाचच मुले दिसली की त्यांना काय वाटत असेल, हे आम्हाला कळते. पण सगळे शनिवार सारखे नसतात, एवढेच आमचे म्हणणे.

थोरलीच्या तीनपैकी दोन शनिवार स्पर्धांचे होते. बसने जायचे, मैदानावर वाजवायचे, करंडक मिळाला तर आणायचा. त्या दोन्ही दिवसांची गैरहजेरी खुशाल लावा. तिसरा शनिवार मात्र एका वृद्ध माजी सैनिकाच्या अंत्यविधीचा होता.

अमेरिकेत २००० सालापासून कायद्याने प्रत्येक माजी सैनिकाला, कुटुंबाने मागणी केली तर, निरोपाचा मान मिळतो. गणवेशातले किमान दोन सैनिक येतात, राष्ट्रध्वजाची घडी करून कुटुंबाच्या हाती देतात आणि 'टॅप्स' ही धून वाजते. १८६२ साली यादवी युद्धाच्या धामधुमीत जनरल बटरफील्ड यांच्या छावणीत ही धून आकाराला आली. तिच्यात अवघे चोवीस स्वर आहेत आणि तेही चारच सुरांतून. ट्रंपेटवर ती वाजवताना एकही कळ दाबावी लागत नाही, सगळे काम ओठांचे आणि श्वासाचे. पण बिगुल वाजवणारी माणसे कमी आणि अंत्यविधी जास्त. म्हणून २००३ पासून एक वेगळाच बिगुल वापरात आला. त्याच्या तोंडात छोटे यंत्र बसवलेले असते. बटण दाबायचे, बिगुल ओठांशी धरून उभे राहायचे, ध्वनिमुद्रण वाजते. आम्ही पोटापाण्यासाठी प्रोग्राम लिहिणारी माणसे, तेव्हा यंत्राला नावे ठेवणार नाही. पण ते बघताना कसेसेच होते. ज्या गावातल्या शाळेत ट्रंपेट वाजवणारी मुले आहेत, तिथे ही वेळ का यावी?

आमची थोरली आणि बॅण्डमधला एक मुलगा गेले. आम्ही गाडी चालवायला. दफनभूमीत जेमतेम दहा माणसे होती. थंडी इतकी, की थोरलीने ट्रंपेटचे तोंड शेवटपर्यंत मुठीत धरून गरम ठेवले होते. तरी एक सूर फाटला. १९६३ साली अध्यक्ष केनेडी यांच्या अंत्यविधीत लष्कराच्या निष्णात वादकाचाही सहावा सूर असाच फाटला होता, हे आम्ही तिला परतताना सांगितले. ती काही बोलली नाही. त्या सैनिकाच्या मुलाने मात्र दोघांचेही हात बराच वेळ हातात धरून ठेवले होते, ते आम्ही पाहिले.

थोरलीच्या अंगावरचा गणवेश शाळेचा. तिच्या आधी तो आणखी कुणीतरी घातला, बाह्यांची शिवण उसवून तो तिला बसवला. ट्युबा तर कुणी घरून आणतच नाही. हा खर्च गावाच्या मालमत्ता करातून होतो. बाकीचे पैसे मुले गाड्या धुऊन आणि दारोदार हिंडून जमवतात, आणि दार उघडणाऱ्यांत आपल्यापेक्षा कितीतरी जुने रहिवासी असतात. त्यांच्यासाठी चार वेळा वाजवणे फार झाले का?

आमच्यातल्या एकाने पुण्यात शाळेच्या पथकात ढोल वाजवला आहे. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर पट्टा खांद्याला काचायचा आणि कुठल्यातरी वाड्यातल्या काकू पाण्याचा तांब्या घेऊन पुढे यायच्या. 'अभ्यास बुडतो' असे तेव्हाही घरचे म्हणतच होते.

आमची सूचना अशी: स्पर्धेला गेल्यास गैरहजेरी, गावासाठी वाजवायला गेल्यास नाही. मात्र त्या मुलाने पुढच्या शनिवारी वर्गापुढे उभे राहून, काय वाजवले, कुठे, कोण भेटले, हे पाच मिनिटे मराठीत सांगावे. 'दफनभूमी' आणि 'निरोप' हे शब्द आमच्या थोरलीला गोष्टीच्या पुस्तकातून येत नव्हते. ते सांगायची वेळ आली तेव्हा तिने आम्हाला विचारून घेतले.

पुढच्या सभेत हा विषय घ्यावा, ही विनंती. थोरलीचा चौथा शनिवार डिसेंबरात आहे, वृद्धाश्रमात नाताळची गाणी वाजवायची आहेत. त्याआधी निर्णय झाला तर नाटकाचे पाठांतर सुरू करायचे की नाही, ते तिला सांगता येईल.