पास बारावीपर्यंतच

जून उजाडला की पाथर्डी, जामखेडच्या एसटी स्थानकांत पासाच्या खिडकीपुढे पोरापोरींची झुंबड उडते. खेड्यातल्या मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत हा पास फुकट मिळतो. योजनेला नाव अहिल्याबाई होळकरांचं. बारावी झाली की फुकट पास बंद. पुढे सवलत मिळते, आणि ती काही थोडी नाही: भाड्याचा एक तृतीयांश भाग भरायचा. मंत्रालयात बसून पाहिलं तर चिल्लरच.

पण कॉलेज सुरू होतं ते कोणत्या दिवसांत, हे बघा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात तेव्हा मागच्या हंगामाचे पैसे संपलेले असतात आणि मुकादमाकडून पुढची उचल यायची असते. बियाणं उधारीवर, किराणा उधारीवर. एसटीची खिडकी मात्र उधारी ठेवत नाही.

खरी परीक्षा पुढेच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, त्या परततात थेट उन्हाळ्यात. घरी थकलेली आजी, धाकटी भावंडं, दोन शेळ्या आणि पहिल्या वर्षाला नाव घातलेली ही पोरगी. सत्र परीक्षा याच दिवसांत येते. ७५ टक्के हजेरीच्या नियमाला आजीचा दमा आणि शेळीचं वेत कळत नाही. त्यात पाहुणे येऊन सांगून जातात, “शिकून काय कलेक्टर व्हायचंय? उरकून टाका.”

शहरातल्यांना वाटतं, आईबाप अडाणी म्हणून लवकर लग्न लावतात. मला हे पटत नाही. सहा महिने गाव सोडताना वयात आलेली लेक कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही त्यांची धास्ती आहे, आणि ती खोटी नाही. शिवाय ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल त्या जोडीवर मिळते. म्हणजे लग्न झालं की काळजी मिटते आणि नवा कोयताही उभा राहतो. या हिशेबापुढे बीएचं पहिलं वर्ष टिकायचं कसं?

यावर उपाय मुलींच्या वसतिगृहाचा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने २०२१ मध्ये वसतिगृह योजना आली, पहिल्या टप्प्यात आपले पाथर्डी आणि जामखेड हे दोन्ही तालुके होते. लेक कुलूपबंद खोलीत सुरक्षित आहे एवढं कळलं तरी आईबाप निर्धास्त गाडीत चढतात. कॉलेजांतली ‘कमवा आणि शिका’ योजनाही कामाची, फक्त तिची पाटी प्रवेशाच्या खिडकीशेजारी लावा. नोटीस बोर्डावर लागेपर्यंत पोरगी घरी गेलेली असते.

अहिल्याबाईंचं जन्मगाव चौंडी याच जामखेड तालुक्यातलं. २०२४ मध्ये जिल्ह्याला त्यांचं नाव मिळालं. २०२५ च्या मे महिन्यात त्यांच्या त्रिशताब्दीनिमित्त अख्खं मंत्रिमंडळ चौंडीत बैठकीला बसलं. मंडप मोठा होता, भाषणंही झाली.

माझं मागणं त्या मानाने लहान आहे. अहिल्याबाईंच्या नावाचा पास पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत फुकट करा. एसटी तशीही त्याच रस्त्याने जाते. आणि तोवर, वाचकहो, तुमच्या गावात बारावी झालेली अशी मुलगी असेल तर तिच्या या महिन्याच्या पासाचे पैसे तुम्ही भरा.