आधी पाटीला हरवा!

मंडळी, हल्ली शाळेला काही भेट द्यायचं म्हटलं की पहिला शब्द येतो 'इंटरॅक्टिव्ह'. भिवपुरीकडच्या एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी आपल्यापैकी कोणी वर्गणी काढणार असेल, तर आधी माझं हे भांडण ऐकून घ्या.

इंटरॅक्टिव्ह म्हणजे काय? वर्गातल्या प्रत्येक मुलाने उत्तर देणं. हे काम पाटी कधीपासून करतेय. बाईंनी विचारलं, "सात आठे किती?" की चाळीस पाट्या वर! कोण अडलं ते एका नजरेत कळतं. ना पासवर्ड, ना चार्जिंग. तेव्हा कुठलंही सॉफ्टवेअर घेताना माझा प्रश्न एकच: हे पाटीपेक्षा जास्त काय करतं?

भिंतीवरचा महागडा पॅनेल घ्या. एक मूल बोट लावतं, बाकीची एकोणचाळीस बघत बसतात. याला इंटरॅक्टिव्ह कसं म्हणायचं? २०१३ साली आलेलं नॉर्वेचं कहूत मुलांना आवडतं, मान्य. पण प्रत्येकाच्या किंवा निदान प्रत्येक गटाच्या हातात फोन हवा, आणि पटकन उत्तर देणाऱ्याला जास्त गुण. सावकाश विचार करणाऱ्याने काय करायचं?

त्यामानाने प्लिकर्स शहाणं. मुलांच्या हातात छापलेला कागद, फोन फक्त बाईंकडे. मुलं कागद फिरवून उत्तर दाखवतात, कॅमेरा टिपतो आणि कोणाचं काय चुकलं याची नोंद राहते. इथे पाटी हरते! पण पर्याय चारच. मुलाने गणित कसं सोडवलं ते पाटीवरच दिसतं.

आणि टिकण्याचं काय? गूगलचा जॅमबोर्ड २०१७ मध्ये सुमारे पाच हजार डॉलरला विकायला आला. ३१ डिसेंबर २०२४ ला त्याचं अॅपच बंद झालं. पाटी अशी बंद पडत नाही हो!

भिवपुरीचं जलविद्युत केंद्र १९२२ पासून मुंबईला वीज पुरवतंय. पण भर पावसात गावातल्या शाळेची वीज गेली, तर पडद्यावरचा धडा तिथेच थांबणार. म्हणून म्हणतो, विकणाऱ्याचं प्रात्यक्षिक पाहून भुलू नका. तो निघून गेल्यावर बाईंना आठवडाभर एकटीने वापरू द्या. पस्तीस मिनिटांच्या तासातली किती मिनिटं जोडाजोडीत गेली, शेवटच्या बाकावरच्या किती मुलांनी उत्तर दिलं, आणि दुसऱ्या वर्षी पैसे कोण भरणार, एवढं विचारा.

पाटीला हरवणारं काही सापडलं तर जरूर कळवा. पहिली वर्गणी माझी.