गिअरबॉक्स उघडण्याआधी

आपोआप गिअर बदलणारी गाडी परभणीत आता नवलाईची राहिलेली नाही. २०१४ साली मारुतीने सेलेरिओमध्ये ही सोय स्वस्तात दिली, तेव्हापासून अशा गाड्या वाढतच गेल्या. गाडी गॅरेजात येते तेव्हा वेगाचा काटा शून्यावर पडलेला असतो, गिअर झटके देतो. आमचे काही मिस्त्री बांधव लगेच "गिअरबॉक्स गेला" असा निकाल देतात. दोष मात्र कित्येकदा वेग मोजणाऱ्या छोट्या सेन्सरचा किंवा त्याच्या वायरचा असतो.

आमचे म्हणणे एवढेच, की आधी तपासा, मग उघडा. स्कॅनरवर पी०५०० हा कोड आला, तरी सेन्सरच खराब आहे असे समजू नका. वेगाचा संदेश नीट पोहोचत नाही, इतकेच तो कोड सांगतो. कपलरमधले पाणी व गंज, उंदराने कुरतडलेली वायर, सेन्सरच्या टोकाला चिकटलेला लोखंडी चुरा हे आधी पाहा. मल्टिमीटरने वायर तपासा. एकाने गाडी चालवावी, दुसऱ्याने स्कॅनरवर वेग पाहावा. अनेक नव्या गाड्यांत हा वेग चाकांजवळच्या एबीएस सेन्सरांकडून येतो, हेही विसरू नका.

स्कॅनर एकट्याला परवडत नसेल तर चार गॅरेजवाल्यांनी मिळून घ्यावा. तपासणीची मजुरी उघडपणे मागावी. अक्कल वापरण्याचीही मजुरी असते. विनाकारण गिअरबॉक्स उघडून एकदा चार पैसे जास्त मिळतील, पण तो ग्राहक पुढच्या वेळी नांदेडची वाट धरील.