खेळण्यातली मिलिटरी गाडी उलटी करून बघा



धातूच्या जुन्या खेळण्यातल्या गाड्या जमवणारी मंडळी जगभर आहेत. त्यातही लष्करी गाड्या, म्हणजे रणगाडे, जीप, लॉऱ्या, अॅम्ब्युलन्स जमवणारा एक वेगळाच गट आहे. या लोकांची एक सवय मला फार आवडते. गाडी हातात आली की ते आधी ती उलटी करतात. रंग, तोफ, दिवे सगळं नंतर. आधी बूड बघायचं. तिथे कारखान्याचं नाव असतं, देश असतो, कधीकधी गाडीचा क्रमांकही असतो.

आपल्या वर्गातलं मूल गाडी घेतं आणि बाकावरून घुर्रर्र करत पळवतं. तेही बरोबरच आहे, खेळणं त्यासाठीच असतं. पण पळवून झाल्यावर ती उलटी करून बघायची सवय आपण लावतो का? माझं मत असं की तिसरी-चौथीपासून ती लावलीच पाहिजे. आणि महाड-पोलादपूरच्या मुलांसाठी जुन्या मिलिटरी गाड्या हे त्याचं उत्तम साधन आहे.

नव्या शैक्षणिक धोरणापासून 'खेळण्यांवर आधारित अध्यापन' हा शब्द आपण प्रशिक्षणात अनेकदा ऐकला. २०२३ मध्ये 'जादुई पिटारा' आला. पण आपण खेळण्याचा उपयोग बहुतेक वेळा मोजायला, रंग ओळखायला आणि गोष्ट सांगायलाच करतो. खुद्द ते खेळणं कुणी बनवलं, कुठे बनवलं, असंच का बनवलं, हे विचारायचं राहूनच जातं.

या गाड्या आल्या कुठून?

वितळलेला धातू, बहुतेक जस्ताचा मिश्रधातू, दाबाने पोलादी साच्यात भरून काढलेली वस्तू म्हणजे डायकास्ट. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३४ पासून 'डिंकी टॉइज' या नावाने अशा गाड्या विकल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच त्यात रणगाडे आणि लष्करी लॉऱ्या आल्या होत्या. १९५४ मध्ये त्यांचा सेंच्युरियन रणगाडा आला. हाच खरा सेंच्युरियन १९६५ च्या युद्धात आपल्या सैन्याकडे होता.

'मॅचबॉक्स'ची गोष्ट तर प्रत्येक शिक्षकाला माहीत असावी. लंडनच्या लेस्नी कंपनीतले जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत नियम होता, की काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं शाळेत आणायचं. म्हणून त्यांनी तिच्यासाठी पितळेचा इवलासा रोडरोलर बनवला. त्या कल्पनेतून १९५३ मध्ये काडेपेटीसारख्या डबीत विकल्या जाणाऱ्या गाड्या सुरू झाल्या. शाळेच्या एका नियमातून जगभर पोहोचलेलं खेळणं जन्माला आलं! "शाळेत खेळणी आणायची नाहीत" असं बजावण्याआधी मला ही गोष्ट हमखास आठवते.

आपल्या देशाचाही यात वाटा आहे. मेकॅनोचे काही साचे पुढे कोलकात्याला आले आणि तिथे 'निकी टॉइज' नावाने गाड्या निघू लागल्या. नावातलं डिंकी जाऊन निकी आलं. ट्रायम्फ व्हिटेस नावाची विलायती मोटार आपल्याकडे 'स्टँडर्ड हेराल्ड' झाली, कारण त्या वेळी मद्रासमध्ये बनणारी हेराल्ड आपल्या रस्त्यांवर धावत होती. म्हणजे साचा तोच, पण नाव आणि देश वेगळा.

एकच गाडी, तरी सारखी नाही

जमवणाऱ्यांचा खरा जीव कशात असतो? फरकात. एकच गाडी कारखान्यात कित्येक वर्षं बनत राहते आणि त्या काळात तिच्यात गुपचूप बदल होत जातात. मॅचबॉक्सच्या सुरुवातीच्या गाड्यांना धातूची चाकं होती, मग करडी प्लास्टिकची आली, मग काळी. डिंकीच्या काही लष्करी लॉऱ्या आधी ड्रायव्हरशिवाय निघाल्या, पुढे त्यात प्लास्टिकचा छोटा ड्रायव्हर बसला. सेंच्युरियनच्या पोटाखालचे रूळ आधी धातूचे होते, नंतर प्लास्टिकचे झाले.

या प्रत्येक फरकामागे कुणाचा तरी निर्णय असतो. १९६८ मध्ये अमेरिकेत हॉट व्हील्सच्या सुसाट गाड्या आल्या. त्यांच्यापुढे मॅचबॉक्स मागे पडू लागली, म्हणून १९६९ पासून त्यांनी बारीक आसाची, वेगाने फिरणारी चाकं बसवायला घेतली. मॅचबॉक्सची एक फील्ड कार आधी पिवळी होती. पुढे तीच मिलिटरी हिरव्या रंगात निघाली आणि सैन्यात भरती झाली! डिंकीची ऑस्टिन चॅम्प ही हिरवी लष्करी गाडी संयुक्त राष्ट्रांच्या पांढऱ्या रंगातही निघाली. रंग बदलल्याबरोबर त्या गाडीचं कामच बदललं. इथे मुलांना सांगता येतं, की आपले भारतीय जवानही १९५६ पासून गाझात आणि १९६० पासून काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होते.

मी वर्गात एकाच लॉरीच्या दोन प्रकारांचे फोटो मोठे करून लावले आणि फक्त "काय वेगळं आहे?" एवढंच विचारलं. बराच वेळ शांतता. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, ह्यातला ड्रायव्हर कुठं गेला?" त्यानंतर वर्ग थांबेना. तो नंतर बसवला की आधीचा काढला? कशावरून? बसवायला खर्च आला असेल का? शेजारच्या कंपनीच्या गाडीत होता म्हणून बसवला का? हे प्रश्न मी फळ्यावर लिहिले नव्हते.

तीन साधनं एका तळहातावर

इतिहासाची साधनं आपण शिकवतो ती भौतिक, लिखित आणि मौखिक अशी तीन. मुलं ती पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. जुनी खेळण्यातली गाडी ही तिन्ही एकत्र आणते. तिचा धातू, चाकं आणि रंग हे भौतिक साधन. बुडावरची अक्षरं हे लिखित साधन. आणि "ही कुणी आणली, कधी आणली" हे आजोबा सांगतात ते मौखिक साधन. आपल्याकडे अशी गाडी असलीच तर ती बहुधा मुंबईच्या चाकरमान्याने गणपतीला किंवा शिमग्याला येताना आणलेली असते. त्या एका वाक्यात आपल्या तालुक्यांचा केवढा इतिहास आहे!

या तीन साधनांचा मेळ बसतो का, तेही मुलांनी तपासावं. आजोबा म्हणाले "१९६० सालची आहे", पण चाकं तर १९६९ नंतरची. मग? चाकं बदलली, की आजोबांचं साल चुकलं? दुर्मिळ प्रकाराला जास्त पैसे मिळतात म्हणून काही लोक गाडी पुन्हा रंगवतात, चाकं बदलतात. म्हणून जाणकार माणूस बुडाचा रिव्हेट बघतो. तो छेडलेला दिसला की शंका घेतो. ऐकलं त्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही, पुरावा बघायचा, हे मोबाइलच्या जमान्यातल्या मुलाला याहून सोपं कसं शिकवणार?

पण लढाईची खेळणी वर्गात कशाला?

हा आक्षेप पालक घेतात आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. मुलांच्या हातात बंदूक देऊन ठो-ठो करायला लावणं मलाही पसंत नाही. पण जुन्या लष्करी गाड्यांची यादी नीट बघा. डिंकीमध्ये पाण्याचा टँकर आहे, अॅम्ब्युलन्स आहे, बंद पडलेली वाहनं ओढून नेणारी गाडी आहे, सामानाच्या लॉऱ्या आहेत. मॅचबॉक्समध्ये बिनतारी संदेशाची गाडी आहे. सैन्य म्हणजे फक्त गोळीबार नव्हे. पाणी पोचवणारा, जखमी उचलणारा, रात्रभर लॉरी हाकणारा माणूस म्हणजेही सैन्य, हे त्या यादीतूनच कळतं.

आणि आपल्या भागात सैन्य ही लांबची गोष्ट नाही. आपल्या महाड तालुक्यातल्या गावाचं नावच फौजी आंबवडे आहे. घराघरातून सैन्यात जाण्याची तिथली परंपरा सगळ्यांना ठाऊक आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून निवृत्त होऊन आले आणि त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली. महारांसाठी बंद झालेल्या सैन्यभरतीविरुद्धही त्यांनी आवाज उठवला. पोलादपूर तालुक्यातलं उमरठ तर तानाजी मालुसऱ्यांचं. जुलै २०२१ च्या महापुरात महाड बुडालं, तळिये गावावर दरड कोसळली, तेव्हा एनडीआरएफ आणि नौदलाची पथकं इथे आली होती. आपल्या मुलांनी गणवेशातली माणसं बचावाला येताना पाहिली आहेत.

अशा मुलांसमोर हिरवी लॉरी ठेवली की ती "हल्ला!" म्हणून थांबत नाहीत. "माझे मामा अशीच गाडी चालवतात," असं कुणीतरी म्हणतं. ज्या घरात फोटोला हार आहे त्या घरातलं मूलही आपल्या वर्गात असतं, हे मात्र शिक्षकाने विसरू नये. त्याला बोलतं करायची घाई नको. त्याला वाटलं तर ते बोलेल.

माझी भीती वेगळी आहे. मोबाइलच्या खेळात रणगाडा क्षणात फुटतो आणि लगेच नवा मिळतो. आत माणूस आहे हे तिथे जाणवतच नाही. हातातली जड, थंड, पोपडे उडालेली गाडी थांबून बघायला लावते. "ही चालवायला किती माणसं लागत असतील?" हा प्रश्न ज्याला पडला, त्याच्यासाठी युद्ध हा नुसता खेळ राहत नाही.

किमतीचं भूत

पालकांना एक विनंती. आपल्या माळ्यावरच्या गाडीला हजारो रुपये मिळतील अशा आशेने मुलाच्या हातून ती काढून घेऊ नका. किंमत अवस्थेवर, मूळ डबीवर आणि प्रकारावर ठरते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या खेळून झिजलेल्या असतात. तशाच भंगारवाल्यालाही देऊन टाकू नका. त्याच्या काट्यावर ती काही ग्रॅम जस्त असते, तुमच्या घरात ती एक आठवण असते.

दोन काळज्या घ्या. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून लहान भावंडांच्या तोंडात या गाड्या जाऊ देऊ नका आणि हाताळल्यावर हात धुवायला लावा. दुसरं, युद्धापूर्वीच्या काही गाड्यांच्या धातूत शिशासारखी भेसळ राहिली होती. अशा गाड्या आतून तडकतात आणि शेवटी भुगा होतात. उष्ण, दमट हवेत हे लवकर होतं आणि आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीतच आहे. कोरड्या जागी ठेवा, झाकण बंद करण्याआधी नीट पुसा.

वर्गात करून बघा

१. एक वस्तू, पाच मिनिटं, बोलायचं नाही. फक्त बघा आणि दिसेल ते वहीत लिहा. बूडही बघा.
२. सारख्या दिसणाऱ्या दोन वस्तूंतले निदान तीन फरक शोधा.
३. प्रत्येक फरकापुढे 'का?' लिहा आणि अंदाज मांडा.
४. घरच्या मोठ्या माणसाला विचारा. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.
५. गणित जोडा. खरी विलीज जीप साधारण ३३३ सेंटिमीटर लांब असते. ६० पट लहान केली तर किती? (साधारण साडेपाच सेंटिमीटर.) मॅचबॉक्सच्या गाड्या डबीत मावाव्यात म्हणून प्रत्येक गाडी वेगवेगळ्या पटीत लहान केलेली असते. ती पट मुलांना काढू द्या.

गाडी नाही? काही अडत नाही. खिशातली नाणी काढा. सालाखाली चौकटचं चिन्ह असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकात्याचं. एकाच रुपयाचे चार प्रकार! काडेपेटीचे छाप, बाटल्यांची झाकणं, एसटीची जुनी तिकिटं, सगळं चालेल. सवय लागली की मूल आपणहून शोधतं.

सहलीचा बेत करत असाल तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय मनात ठेवा. तिथे खरा सेंच्युरियन आहे आणि शत्रूकडून जिंकलेला पॅटनही आहे. आधी हातातला छोटा रणगाडा नीट पाहिलेलं मूल तिथे फक्त सेल्फी काढून परत येणार नाही. ते चाकं मोजेल, पत्र्यावरची अक्षरं शोधेल आणि आत माणसं कशी बसत असतील हे विचारेल.

तुमच्या घरी, तुमच्या वर्गात अशी एखादी जुनी गाडी असेल, तर आज ती मुलाच्या हातात द्या. आधी मनसोक्त पळवू द्या. मग म्हणा, "आता उलटी कर बघू."